मागच्या रांगेतली खुर्ची

दहावी-बारावीचे निकाल लागले की ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या पालकांचे दूरध्वनी सुरू होतात. मुलगा कीबोर्ड चांगला वाजवतो, मुलीला गाण्याचे अंग आहे, अमुक ठिकाणी साउंडचा अभ्यासक्रम आहे, शुल्क काही लाखांत आहे. तर यात पुढे पोटापाण्याचे काही आहे का, असा प्रश्न असतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून मुंबईत संगीत संयोजकांचा साहाय्यक म्हणून आणि त्याआधी नुसता नोटेशन उतरवून देणारा म्हणून काम केल्यामुळे मला याचे उत्तर ठाऊक असेल, अशी त्यांची समजूत असते. दूरध्वनीवर देता येईल इतके ते उत्तर लहान नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

यंत्रे आली आणि वादकांचा धंदा बसला, असे आमच्या व्यवसायाविषयी सरसकट म्हटले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आज मुंबईत जितकी गाणी तयार होतात तितकी पूर्वी कधीच होत नव्हती. चित्रपट, मालिका, जाहिराती, वेबमालिका, भक्तिगीतांच्या वाहिन्या, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी, सगळीकडे कुणीतरी वाजवतो, कुणीतरी गातो आणि कुणालातरी त्याचे पैसे मिळतात. माझ्या मते मोठा बदल कामाच्या संख्येत झालेला नाही. पूर्वी या व्यवसायात शिकण्याची आणि कमावण्याची जागा एकच होती. ती जागा गेली, आणि तिच्या बदल्यात जे आले त्यात शिकणाऱ्याने स्वतःच्या खिशातून पैसे घालून शिकायचे असते.

ती जागा म्हणजे रेकॉर्डिंगचे मोठे दालन. ताडदेवला फेमस आणि फिल्म सेंटर, वांद्र्याला मेहबूब, नंतर जुहूला सनी सुपर साउंड. संगीतकार चाल बांधत असे, पण त्या चालीभोवतीचे वाद्यवृंदाचे सगळे बांधकाम संयोजक करत असे, आणि तो कागदावर स्टाफ नोटेशनमध्ये उतरवत असे. हे कागदी काम येणारी माणसे सुरुवातीच्या काळात बहुतांशी गोव्याची होती, कारण तिथल्या चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा त्यांपैकी, आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विसही त्यांपैकीच. पुढे या कामात अनिल मोहिले, अरुण पौडवाल यांच्यासारखी मराठी माणसेही भक्कम पाय रोवून उभी राहिली. मराठी चित्रपटांनी त्यांना ‘अनिल-अरुण’ या जोडनावाने संगीतकार म्हणूनही ओळखले.

व्हायोलिनच्या ताफ्यात पुढे अनुभवी वादक बसत आणि मागच्या रांगेत नवखे. वादकांच्या संघटनेत चाचणी देऊन श्रेणी मिळे आणि श्रेणीनुसार पाळीचा दर ठरे. मागच्या रांगेतल्या मुलाला दर सर्वांत कमी मिळायचा, पण तो पैसे घेऊन शिकत होता. पुढच्याचा गज कोणत्या दिशेने जातो, सम कुठे सोडायची, संयोजक वैतागला की नेमका कशावर वैतागतो, गायक माइकपासून किती अंतर राखतो, हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर रोज घडत असे. लक्ष्मीकांत मेंडोलिन वाजवत आणि प्यारेलाल लहान वयात व्हायोलिन वाजवत याच दालनांतून पुढे गेले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांनी वर्षानुवर्षे इतरांच्या गाण्यांत वाजवले, आणि मग 1981 साली शिव-हरी म्हणून स्वतःच्या नावाने चित्रपटाला संगीत दिले. यांतल्या कुणीही यासाठी अभ्यासक्रमाचे शुल्क भरले नव्हते.

माझे स्वतःचे शिक्षण कागदांवर झाले. संयोजकाचा मूळ कागद घ्यायचा आणि प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा, स्वच्छ अक्षरात उतरवायचा. ऐकायला हे कारकुनी काम वाटते. पण पान कुठे संपवायचे हे उतरवणाऱ्याने ठरवायचे असते, आणि ते वादक थांबलेला असतो अशा विरामावरच संपले पाहिजे. नाहीतर अख्खा ताफा एका क्षणी पाने उलटतो आणि तो खसखसाट थेट माइकमध्ये जातो. त्यामुळे मी ओळींतली अंतरे कमीजास्त करायला, दोन ओळी एकीत कोंबायला आणि प्रसंगी पान अर्धे रिकामे सोडायला शिकलो, आणि हे करता करता गाण्यात श्वास कुठे आहेत हे मला कळू लागले. पुढे संयोजनात जे काही जमले त्याचे मूळ या कामात आहे, असे मी आजही मानतो.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची मात्र माझी इच्छा नाही. पैशासाठी निर्मात्याच्या कार्यालयात खेपा घालाव्या लागत, वाद्यवृंदात स्त्रिया अपवादानेच दिसत, आणि ओळखीच्या माणसाशिवाय चाचणीपर्यंत पोहोचणेही अवघड होते. हल्ली त्या काळाविषयी जे हळवे लेखन होते, ते बहुधा त्या दालनात कधी पाऊल न टाकलेल्या माणसांचे असते.

यंत्रांचे आगमन एका रात्रीत झाले नाही. सत्तरच्या दशकातच केर्सी लॉर्ड यांनी सिंथेसायझर मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणला, आणि गंमत अशी की ते स्वतः अ‍ॅकॉर्डियनपासून ग्लॉकेनस्पीलपर्यंत अनेक वाद्ये वाजवणारे अस्सल वादक होते. ‘रूप तेरा मस्ताना’मधले अ‍ॅकॉर्डियन त्यांचेच. ऐंशीच्या दशकात कीबोर्ड स्वस्त झाले, तालयंत्रे आली, आणि मल्टीट्रॅकमुळे, म्हणजे प्रत्येकाचा भाग वेगवेगळा मुद्रित करून नंतर जोडण्याच्या सोयीमुळे, सगळ्यांनी एकाच वेळी एका दालनात असण्याची गरज संपली. पूर्वी एका वादकाची चूक झाली की गायकासह सर्वांना पुन्हा टेक द्यावा लागे. त्या भीतीपोटी लोक घरून तयारी करून येत. मल्टीट्रॅकने ती भीती घालवली आणि तिच्याबरोबर ती तयारीही हळूहळू घालवली. 1992 मध्ये ए. आर. रहमान यांचा पहिला चित्रपट आला, तेव्हा चेन्नईत घरच्या स्टुडिओत बसून इतका भरीव आवाज काढता येतो हे मुंबईच्या निर्मात्यांनी ऐकले, आणि मोठे दालन दिवसभर भाड्याने का घ्यायचे, हा प्रश्न त्यांना पडला. तो रास्तच होता.

यातून काही कामे गेली आणि काही नवी आली. कीबोर्ड वाजवणाऱ्यांपैकी जे यंत्राला घाबरले नाहीत ते प्रोग्रामर, म्हणजे संगणकावर वाद्यांचे आवाज रचणारे, झाले, आणि दहा-पंधरा वर्षे त्यांचे चांगले चालले. अ‍ॅकॉर्डियनवाले आणि बॉंगो-काँगोवाले आधी घरी बसले. व्हायोलिनवाल्यांपैकी काहींनी शिकवण्या धरल्या, काही जहाजांवर वाजवायला गेले. जे टिकले त्यांच्या कामाचे स्वरूपच पालटले. अंधेरीच्या एका इमारतीत, शयनगृहाएवढ्या खोलीत, एक व्हायोलिनवादक संपूर्ण ताफा कसा वाजवतो हे मी अनेकदा पाहिले आहे. माइक जागचा हलत नाही, वादक हलतो. एकदा खुर्ची माइकच्या जवळ, मग हातभर मागे, मग डावीकडे, मग भिंतीला पाठ लावून. दर वेळी तीच सुरावट, पण गजाचा दाब किंचित वेगळा आणि कधी दुसरेच व्हायोलिन, म्हणजे एकावर एक चढवल्यावर ती एका माणसाची वाटू नये. हे कौशल्य थोर आहे, यात वाद नाही. परंतु त्या खोलीत दुसरी खुर्ची नाही. त्याच्या मागे बसून शिकणारा मुलगा कुठे बसवायचा?

गाण्याचा आकार बदलल्याचाही यात हात आहे, आणि याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. जुन्या गाण्यात सुरुवातीचे म्युझिक असे, मुखडा झाला की पुन्हा म्युझिक, पहिला अंतरा, मग आणखी वेगळे म्युझिक. संयोजकाचे आणि वादकाचे खरे कर्तृत्व या मधल्या जागांत असे; बासरी, सतार, सॅक्सोफोन यांना तिथे आपले म्हणणे मांडता येई. आता स्पॉटिफायसारख्या मंचावर गाणे 30 सेकंद ऐकले गेले तरच ते ‘ऐकले’ असे मोजले जाते, त्यामुळे आवाज लवकर यावा आणि मध्ये काही रेंगाळू नये, असा आग्रह असतो. मधल्या जागा आखडल्या आणि वादकाची गरज तितक्याच प्रमाणात कमी झाली. यात प्लग-इनचा, म्हणजे वाद्यांचे आवाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा, काही दोष नाही.

आता पैसा आणि नाव. हे दोन विषय मी मुद्दाम एकत्र घेतो, कारण आमच्या व्यवसायात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. 1949 च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे, छापले होते. गाणे लता मंगेशकरांचे होते. फिल्मफेअरने पार्श्वगायनाचा पहिला पुरस्कार दिला तो 1959 साली. साठच्या दशकात गायकांनाही रॉयल्टी मिळावी अशी भूमिका लताबाईंनी घेतली, मोहम्मद रफींना ती पटली नाही, आणि काही वर्षे दोघांची द्वंद्वगीते बंद राहिली. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा आणि गीतांचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्यानंतर तब्बल 35 वर्षे संगीतकार आणि गीतकार त्या निकालाच्या छायेत राहिले. 2012 ची कॉपीराइट कायद्यातील दुरुस्ती ही या बाबतीत खरी मोठी घटना आहे; जावेद अख्तर यांनी ती राज्यसभेत लावून धरली होती. चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले की त्याच्या रॉयल्टीत संगीतकार आणि गीतकार यांचा, हक्क विकत घेणाऱ्याच्या बरोबरीने, समान वाटा राहील, आणि तो लिहून देऊन टाकता येणार नाही, असे त्या दुरुस्तीने ठरवले. सादर करणाऱ्या कलावंतालाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क मिळाला. पाठोपाठ 2013 मध्ये गायकांची हक्कसंस्था, म्हणजे रॉयल्टी गोळा करून सभासदांत वाटणारी संस्था, उभी राहिली, आणि आता तिच्या नावातही वादक आले आहेत.

पालकांना मी याच कायद्यातली एक तरतूद आवर्जून वाचायला सांगतो. चित्रपटात ज्याचा सहभाग किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि उद्योगाच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कुठेही दिले जात नाही, त्याला कायदा ‘कलावंत’ धरतच नाही. आपले सादरीकरण विकृत केले गेले तर हरकत घेण्यापुरता तेवढा अपवाद ठेवला आहे. एखाद्या वादकाचा गाण्यातला भाग किरकोळ मानायचा की नाही, यावर वकील वाद घालतील. पण ज्या व्यवसायात नाव न देण्याचाच रिवाज होता, तिथे नाव असणे ही आता हौसेची बाब राहिलेली नाही. जुन्या पिढीतले वादक नावाबद्दल बोलायला संकोचत. आपण काम केले, बिदागी घेतली, विषय संपला, अशी त्यांची रीत होती. ती रीत खानदानी होती आणि तिने त्यांचे नुकसान केले. एका निर्मितीसंस्थेसाठी केलेल्या कामात माझेही नाव ‘आणि इतर’ या दोन शब्दांत गेले होते. विचारले तर उत्तर मिळाले की पट्टीवर जागा नव्हती.

रंगमंचाचे काम वेगळे, आणि मराठी वादकासाठी बहुधा अधिक भरवशाचे. दिवाळी पहाट, गणपतीतले कार्यक्रम, कुणा संगीतकाराच्या नावाने दीनानाथ, यशवंत किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात होणारे गाण्यांचे प्रयोग, यांच्यावर अनेक घरे चालतात. इथे मागच्या रांगेतल्या खुर्चीचा काही अंश अजून शिल्लक आहे, कारण साइड ऱ्हिदम, म्हणजे मुख्य तालाला जोड देणारी लहान तालवाद्ये, वाजवणाऱ्या मुलाला मुख्य ढोलकीवाल्याच्या शेजारी बसावेच लागते. मात्र कराओकेने याही ठिकाणी हात घातला आहे. मुलुंड-ठाण्याकडे हौशी गायकांचे गट सभागृह घेतात, तयार ट्रॅक लावतात आणि एका संध्याकाळी पंचवीस-तीस गाणी होतात. मंचावर वादक एकही नसतो. त्यांच्या हौसेला मी नावे ठेवणार नाही, तिकीट विकणाऱ्यांना मात्र ठेवीन. आणि मार्च 2020 मध्ये नाट्यगृहे बंद झाली तेव्हा या भरवशाची मर्यादाही कळली: पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, रद्द झालेल्या कार्यक्रमाची भरपाई नाही. त्या काळात ज्यांच्या शिकवण्या पडद्यावर चालू राहिल्या तेवढेच तरले.

एवढे सगळे असताना मोठा वाद्यवृंद ऐकायची लोकांची भूक गेलेली नाही, हे विशेष. अजय-अतुल यांनी 2016 च्या ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि त्या गाण्यांनी महाराष्ट्र डोक्यावर घेतला. अलीकडे अनेक भारतीय चित्रपटांचे तंतुवाद्यांचे काम बुडापेस्ट किंवा स्कोप्जेच्या वाद्यवृंदांकडे जाते. इथून कागद पाठवायचे आणि इंटरनेटवरून बसल्या जागी रेकॉर्डिंग ऐकायचे. संगीतकारांना दोष देण्यात अर्थ नाही. एकत्र बसून, समोरचा कागद पहिल्यांदा पाहून अचूक वाजवणारे चाळीस-पन्नास वादक मुंबईत आज एका वेळी जमवणे कठीण आहे, कारण असे वादक ज्या दालनात घडत ते दालनच आपण बंद केले.

गायकांच्या बाबतीत मागच्या रांगेतली खुर्ची म्हणजे डबिंग. मोठ्या गायिकेला वेळ नसेल तर चित्रीकरणासाठी नवोदित मुलगी गाणे गाऊन ठेवी, आणि नंतर मूळ गायिका येऊन आपला आवाज देई. कविता कृष्णमूर्ती यांनी सुरुवातीच्या काळात लताबाईंसाठी अशी गाणी गायली. पुढे याला स्क्रॅच म्हणू लागले. त्या कामात पैसे जेमतेम मिळत, पण संगीतकाराच्या खोलीत शिरता येई, चाल ताजी असताना ऐकता येई, आणि दहांतले एखादे गाणे आपल्याच आवाजात राहून जाई. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बोलताना सगळे बड्या गायकांच्या आवाजाची नक्कल या मुद्द्यावर अडतात. ते गायक न्यायालयात जाऊ शकतात. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाला अशा नकलेपासून अंतरिम संरक्षण दिलेच. मला चिंता आहे ती स्क्रॅच गाणाऱ्या मुलीची. संगीतकार आता स्वतःच गुणगुणतो, संगणकाला सांगतो, आणि निर्मात्याला ऐकवण्यापुरता मुलीचा आवाज तयार होतो. तिचा आवाज कुणी चोरलेला नाही, त्यामुळे ती कुठल्या न्यायालयात जाणार? तिला बोलावलेच गेले नाही, इतकेच.

म्हणून लाखांच्या शुल्काविषयी माझे मत असे आहे की ज्या संस्थेत मुलाला दुसऱ्याच्या प्रत्यक्ष कामात बसायला मिळते तिथेच पैसे भरावेत. सॉफ्टवेअर तो घरी शिकेल. स्टाफ नोटेशन आणि आपली स्वरलिपी ही दोन्ही वाचता-लिहिता यावीत. मिळेल त्या मंचावर साइडला बसावे. प्रत्येक कामाचा कागद करावा, मग रक्कम कितीही लहान असो, आणि त्यावर श्रेयनामावलीत नाव कसे लिहायचे तेही नमूद करावे. स्वतःच्या चाली असतील तर हक्कसंस्थेत सभासद होऊन त्यांची नोंद करावी. नोंद नसेल तर वाटप कुणाला करायचे हे कुणाला कळणार? याशिवाय संगीतकार मित्रांकडे माझी एक जुनी मागणी आहे. अंधेरीच्या त्या लहान खोल्यांत, भ्रमणध्वनी बाहेर ठेवण्याच्या अटीवर का होईना, एका विद्यार्थ्याला कोपऱ्यात बसू द्यावे. दोघांनी ते मान्य केले आहे. बाकीच्यांना चाल बाहेर फुटण्याची भीती वाटते, आणि ती निराधार नाही.

यंदा दूरध्वनी आला तो डोंबिवलीहून. मुलगा सध्या दोन दिवाळी पहाटांत कीबोर्ड वाजवतो, आठवड्यातले काही दिवस शिकवण्या करतो आणि एका भक्तिगीतांच्या वाहिनीसाठी प्रोग्रामिंग करतो. याला नोकरी म्हणायचे का, असे त्याच्या आईने विचारले. नोकरी नव्हे, पण काम आहे, असे मी म्हणालो, आणि निदान पहिली दोन वर्षे त्याच्याकडून घरखर्चाची अपेक्षा ठेवू नका, असे सांगितले. आईने ते मान्य केले आहे. वडिलांनी मला रविवारी घरी बोलावले आहे. त्यांच्याकडे प्रश्नांची यादी तयार आहे असे समजते.